कडब्याचा धंदा : अनुदान कोणाला, नियम कोणाला?

फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बी ज्वारीची काढणी उरकली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात कडब्याचा बाजार सुरू होतो. बाजार म्हणायचे एवढेच. त्याला ना आवार असते, ना लिलाव. व्यापारी शेतावर जातो, बुचाडाभोवती एक फेरी मारतो, मधली एखादी पेंढी ओढून कांडी मोडून पाहतो, वास घेतो आणि शेकड्याचा भाव बोलतो. सौदा ठरला की दुसऱ्या दिवशी टेम्पो लागतो. माल कधी गावातल्याच गोठ्यात जातो, कधी बार्शी-सोलापूरकडे, तर कधी त्याहून लांब पश्चिम महाराष्ट्रातील दूधपट्ट्यात.

या धंद्यावर आपल्या पुष्कळ बांधवांचे पोट आहे. कोणी कडबा घेऊन विकतो, कोणी टेम्पो चालवतो, कोणी कुट्टी करून पोत्यात भरतो, कोणी कुट्टी मशीनला पाती बसवून देतो, वेल्डिंग करतो. शेळ्यांचे व्यापारी बकरी ईदच्या आधी दोन-तीन महिने माल पोसतात, त्यांना तूर-हरभऱ्याचा भुसा लागतो. मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. त्यानंतर बैलबाजारावर अवलंबून असलेल्या अनेकांना दुसरे काम पाहावे लागले, आणि वैरणीचा व्यापार हे त्यांच्या ओळखीच्या माणसांतले, ओळखीच्या रस्त्यावरचे काम होते.

या मंडळींकडून एक प्रश्न नेहमी येतो : "कडब्याच्या धंद्याला सरकारी सबसिडी आहे म्हणतात, ती कुठे मिळते?" याचे सरळ उत्तर असे की, कडबा विकत घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला त्या खरेदी-विक्रीवर कसलेही अनुदान नाही. अनुदान आहे ते पिकवणाऱ्याला, जनावरे पाळणाऱ्याला आणि वैरणीवर प्रक्रिया करणारा कारखाना काढणाऱ्याला. नियम मात्र व्यापाऱ्यालाही लागू आहेत. म्हणजे योजनेच्या यादीत ज्याचे नाव नाही, तोच रस्त्यावर गाडी अडली की पहिला सापडतो. म्हणून आपण कोणत्या दारात उभे राहायचे आणि कोणत्या दारात वेळ घालवायचा नाही, हे आधीच ठरवून घेतलेले बरे.

कुट्टी मशीनचे अनुदान

सर्वांच्या तोंडी असलेली योजना म्हणजे कडबा कुट्टी यंत्राची. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के असे प्रमाण ठरलेले आहे, आणि त्याला प्रत्येक यंत्राची कमाल मर्यादा आहे. त्यामुळे महागडे यंत्र घेतले म्हणून अनुदान वाढत नाही. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. पूर्वी सोडत निघत असे. २०२५ मध्ये शासनाने ती पद्धत बंद करून आधी अर्ज करणाऱ्याला आधी, असा क्रम लावला. त्याच वर्षी १५ एप्रिलपासून शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचेच हे काम. याशिवाय जिल्हा परिषदा आपल्या सेस फंडातून अशी यंत्रे देतात, त्याची चौकशी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात करावी.

या योजनेत एक अट अशी आहे की तिच्यावर अनेकांचे पैसे बुडाले आहेत. आधी निवड, मग पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल आणि शेवटी जागेवर तपासणी, असा हा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या तारखेआधीचे बिल असेल तर अनुदान मिळत नाही. शेतकरी घाईने मशीन नेतो आणि नंतर दुकानदाराला म्हणतो, "बिलावर तारीख पुढची टाका." भिडेखातर असे बिल देऊ नये. वाढीव किमतीचे बिल तर अजिबात देऊ नये. तपासणीत गोष्ट उघडी पडली की शेतकऱ्याबरोबर दुकानदारही चौकशीत येतो, आणि या व्यवहारात दुकानदाराला मिळालेले काही नसते.

आता आपल्या कारागिरांचे पाहू. उमरगा, तुळजापूर, कळंबच्या वर्कशॉपमध्ये बनलेली कुट्टी मशीन कित्येकदा कंपनीच्या मशीनपेक्षा दणकट असते, दुरुस्तीला सोपी असते आणि स्वस्तही पडते. तरी तिच्यावर अनुदान मिळत नाही. कारण अनुदानास पात्र यंत्राला मान्यताप्राप्त केंद्राचा तपासणी अहवाल लागतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची अशी संस्था आहे, काही कृषी विद्यापीठांनाही हा अधिकार दिलेला आहे. एका कारागिराला ही तपासणी खर्चाची वाटते हे खरे. परंतु चार-पाच वर्कशॉपवाल्यांनी मिळून एकच नमुना बनवला, उद्यम नोंदणी केली (ती मोफत आहे, दलालाला पैसे देऊ नयेत) आणि तोच तपासून घेतला, तर वाट अगदीच बंद नाही. अनुदानाची कुऱ्हाड आपल्या धंद्यावर पडते अशी तक्रार ऐकू येते आणि ती खोटी नाही. त्याचबरोबर अनुदानावर गावोगाव गेलेल्या प्रत्येक मशीनची पाती बोथट होतात, बेअरिंग जातात, पट्टे तुटतात, आणि कंपनीचा माणूस दुरुस्तीला गावात येत नाही. ते काम आपलेच आहे. दुरुस्तीला आलेल्या मशीनच्या तोंडावरची जाळी आणि पट्ट्यावरचे झाकण काढून ठेवलेले दिसले तर ते बसवूनच परत द्यावे. या मशीनने बोटे आणि हात गेलेली माणसे आपल्या पाहण्यात आहेत.

मोठे दार : राष्ट्रीय पशुधन अभियान

ज्याच्यापाशी जमीन नाही, पण धंद्याची जाण आणि थोडे भांडवल आहे, त्याच्यासाठी खरे दार हे आहे. केंद्राच्या या अभियानाची २०२१-२२ मध्ये नव्याने मांडणी झाली आणि त्यात वैरण प्रक्रियेचा उद्योग घालण्यात आला. सुका चारा दाबून गठ्ठे-विटा करणे, मुरघास तयार करणे, संपूर्ण मिश्र आहार बनवणे आणि वैरणीची साठवण, अशा प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख रुपये अनुदान ठेवलेले आहे. व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, संयुक्त दायित्व गट यांना अर्ज करता येतो. जागा स्वतःची नसली तरी भाडेकरारावर चालते.

हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. समजा वीस लाखांचा प्रकल्प आहे. अनुदान दहा लाख झाले, पण ते एकदम मिळत नाही. दोन समान हप्ते असतात, म्हणजे पाच लाख काम सुरू झाल्यानंतर आणि पाच लाख काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यानंतर. तोपर्यंत सारा खर्च बँकेच्या कर्जातून आणि स्वतःच्या पैशातून करावा लागतो. शिवाय जमिनीची किंमत, जागेचे भाडे, स्वतःच्या वापराची गाडी आणि खेळते भांडवल यावर अनुदान नाही. आता कडब्याच्या धंद्यात सर्वांत मोठी रक्कम कशात अडकते? खेळत्या भांडवलात. मार्चमध्ये माल भरायचा आणि मे-जूनमध्ये विकायचा, तोवर पैसा गंजीत पडून असतो. मशीनला अर्धे पैसे सरकारने दिले, पण कडबा भरायला हातात काही उरले नाही, तर शेड उभी आणि मशीन बंद अशी अवस्था होते. प्रकल्प अहवाल करून देणारे सल्लागार ही गोष्ट सांगत नाहीत.

व्याजाच्या कर्जापासून लांब राहू इच्छिणारे विचारतात की, कर्ज न घेता ही योजना मिळते काय? उरलेली रक्कम स्वतःच्या भांडवलातून उभी करण्याची सोय योजनेच्या रचनेत ठेवलेली आहे. मात्र प्रकल्पाची छाननी त्याही वेळी बँकेकडूनच होते. कर्ज घेणाऱ्यांसाठी मुद्रा योजना आहे, तसेच २००० साली स्थापन झालेले मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. योजनेच्या अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयातून त्या वर्षीची नियमावली पाहावी. आणखी एक लहान गोष्ट. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. जुन्या कागदांवर उस्मानाबाद, नव्यावर धाराशिव असे असते. त्याने जुना कागद बाद होत नाही, पण ऑनलाइन अर्जात पत्ता सगळीकडे सारखा भरावा. (शेळीची जात मात्र अजून उस्मानाबादीच आहे.)

बाजार समितीचा परवाना लागतो काय?

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. राज्याच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याच्या परिशिष्टात गवत व चारा हे सदर आहे, आणि पेंड-सरकीसारखे पशुखाद्यही आहे. बाजार समितीने आपल्या क्षेत्रासाठी तो माल नियमनाखाली घेतला असेल, तर फेरविक्रीसाठी माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला समितीचा परवाना घ्यावा लागतो आणि बाजार फी भरावी लागते. ही फी खरेदीदाराकडून घ्यायची असते, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नसते.

त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात तीन सवलती आहेत, त्या पाठ करून ठेवाव्यात. शेतकरी स्वतःचा माल विकत असेल तर त्याला परवाना लागत नाही. घरच्या वापरासाठी घेणाऱ्याला केलेल्या विक्रीला लागत नाही. आणि किरकोळ विक्रीला लागत नाही. किरकोळ म्हणजे किती, हे प्रत्येक समितीच्या उपविधीत लिहिलेले असते. म्हणून समितीच्या सचिवांकडे दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात : कडबा तुमच्याकडे नियमनाखाली आहे काय, आणि असल्यास किरकोळ विक्रीची मर्यादा किती? समितीचा शिक्का असलेले उत्तर नाक्यावरच्या दहा युक्तिवादांपेक्षा उपयोगी पडते.

काही जण अजून म्हणतात, "केंद्राने शेतमाल मोकळा केला, आता सेस नाही." ही माहिती जुनी झाली. २०२० च्या केंद्रीय कायद्यात जनावरांचा चारा नावानिशी घातलेला होता हे खरे. पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्या कायद्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि वर्षअखेर संसदेने ते रद्द केले. त्यामुळे १९६३ चा कायदाच लागू आहे.

जीएसटीच्या बाबतीत मात्र चिंता नको. कडबा, काड, भुसा आणि त्यांची कुट्टी करमुक्त आहे. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी घ्यावी लागत नाही आणि अशा मालाला ई-वे बिलही लागत नाही. पण त्याच दुकानात दोर, पत्रे, मशीनचे सुटे भाग असा कराचा माल विकत असाल, तर चाळीस लाखांची मर्यादा मोजताना कडब्याची उलाढालही त्यात धरली जाते. इथे पुष्कळांची चूक होते.

शेकडा की किलो?

कडबा पेंढीवर विकला जातो, आणि पेंढीला ठरलेले वजन नाही. समजा एकाची पेंढी दीड किलोची आणि दुसऱ्याची एक किलो दोनशे ग्रॅमची. हजार पेंढ्यांत तीनशे किलोंचा फरक पडला. दिवसाला सहा किलो सुकी वैरण खाणाऱ्या एका जनावराची ती पन्नास दिवसांची वैरण झाली. शेकड्याचा भाव दोघांचा सारखाच. म्हणून घेताना निरनिराळ्या बाजूंच्या दहा पेंढ्या वजन करून सरासरी काढावी आणि विकताना गिऱ्हाइकालाही तेच सांगावे. कुट्टी तर वजनावरच विकावी लागते. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक काट्याची वैध मापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून घेणे सक्तीचे आहे.

कडब्याची जात आणि रंग यांवरही बोलले पाहिजे. मालदांडीचा पांढरा, पानेदार कडबा आणि खरिपातल्या हायब्रीडचे जाड सरमाड यांचा भाव एक असू शकत नाही. सोयाबीन आणि हरभऱ्याने ज्वारीची जागा घेतली तसा चांगला शाळूचा कडबा दुर्मिळ होत चालला आहे. पावसात भिजून काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा माल कुट्टीत मिसळून खपवण्याचा मोह होतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा-भूम भागात जनावरे वाहून गेली, साठवलेली वैरण भिजून गेली. अशा वेळी तर हा मोह अधिकच होतो. कुट्टीत बुरशी डोळ्यांना दिसत नाही, जनावराच्या पोटाला मात्र कळते, आणि भूम-वाशीच्या पट्ट्यात ज्याच्या घरची चूल खव्यावर चालते, त्याची एक म्हैस गाभडली तर त्याचे वर्ष गेले.

टंचाईच्या वर्षी

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातील वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तालुके होते. शेजारचा बार्शीही होता. त्या वर्षी राज्यातील अनेक जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातील चारा बाहेर नेण्यास बंदी घातली. अशी बंदी आली की व्यापाऱ्याच्या दृष्टीने जिल्ह्याची हद्द ही भिंत होते. परंड्याहून बार्शी हाकेच्या अंतरावर, सोयरेधायरे तिकडे, गिऱ्हाईक तिकडे. पण मध्ये हद्द.

बंदीमागचे कारण समजण्यासारखे आहे. लांबचे श्रीमंत गिऱ्हाईक जास्त भाव देते, माल तिकडे ओढला जातो आणि इथल्या दोन जनावरांच्या शेतकऱ्याला दावणीवर टाकायला काही उरत नाही. पण दुसरीही बाजू आहे. बंदीने भाव पडतो तो कडबा विकणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचाच, आणि त्या वर्षी त्याच्यापाशी विकायला दुसरे काही नसते. व्यापाऱ्याने आगाऊ दिलेली इसाराची रक्कमही अडकते.

इथे कायद्याची एक बाब लक्षात घ्यावी. अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ मध्ये पूर्वी जनावरांचा चारा ही अत्यावश्यक वस्तू म्हणून लिहिलेली होती. २००६ ची दुरुस्ती फेब्रुवारी २००७ पासून लागू झाली आणि चारा त्या यादीतून गेला. चारापिकांचे बियाणे मात्र राहिले. तेव्हा "अत्यावश्यक वस्तूचा साठा केला" असे कोणी नुसते तोंडी म्हणाले तर घाबरून जाऊ नये. त्याचबरोबर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघालेला असेल तर तो मोडूही नये. तो आदेश मागून घ्यावा आणि वाचावा. कोणत्या कायद्याखाली निघाला, कोणता चारा त्यात आला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि परवानगी कोणाकडे मागायची, हे सारे त्यातच लिहिलेले असते. नुसत्या ऐकीव बातमीवर माल फेकून देणारे आणि नुसत्या ऐकीव सवलतीवर गाडी भरणारे, दोघेही तोट्यात गेले आहेत.

गाडीबरोबर शेतकऱ्याची सही असलेली चिठ्ठी ठेवावी : गाव, गट क्रमांक, पेंढ्यांची संख्या, भाव, तारीख आणि माल कोठे चालला ते. कर्नाटकातल्या बिदर-कलबुर्गीकडून उमरग्यामार्गे माल आणणाऱ्यांना तर ही चिठ्ठी हवीच, कारण माल या जिल्ह्यातला नाही हे दाखवण्याचे दुसरे साधन नसते. गाडी भरतानाही सांभाळावे. कडबा हलका म्हणून दोन्ही बाजूंनी बाहेर काढून, उंच रचून भरण्याची आपली जुनी सवय आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात अशा बाहेर आलेल्या मालाला वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. एका खेपेचा नफा त्यात जातो.

टंचाईत छावण्या उघडल्या तर चारा पुरवण्याचे काम मिळते. २०१८-१९ च्या दुष्काळात शासनाने छावणीतल्या मोठ्या जनावरामागे दिवसाला सुरुवातीला ७० रुपये दिले, पुढे ते ९० आणि मे २०१९ मध्ये १०० केले. लहान जनावराला त्याच्या निम्मे. हे पैसे छावणी चालवणाऱ्या संस्थेला मिळतात, तेही जनावरांची हजेरी आणि बिले तपासून झाल्यावर. चारा पुरवणारा व्यापारी शासनाच्या कागदावर कोठेच नसतो. त्याचे देणेकरी म्हणजे ती संस्था. म्हणून पुरवठ्याआधी संस्थेच्या लेटरहेडवर मागणीपत्र घ्यावे, प्रत्येक खेपेला वजनकाट्याची पावती आणि पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त उधारी साचू देऊ नये. पाऊस पडला की छावणी आठ दिवसांत उठते, आणि बिलांची तपासणी त्यानंतरही पुढे कित्येक महिने चालू राहते.